चौकाबाहेरचा इजिप्त

जेहान नुजैम यांची ‘द स्क्वेअर’ ही डॉक्युमेंटरी जानेवारी २०१३मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवली गेली, तिला पुरस्कारही मिळाला. त्यानंतर कैरोत पुन्हा प्रचंड गर्दी रस्त्यावर उतरली. जुलैमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवलं आणि नुजैम यांनी पुन्हा शूटिंग करून शेवट बदलला. रिलीजनंतर चुका दुरुस्त करणं माझं रोजचं काम, पण इथे चूक नव्हती, देशच बदलला होता.

या सिनेमाचा जीव अहमद आणि मग्दी यांच्या मैत्रीत आहे. मग्दी मुस्लिम ब्रदरहूडचा, अहमद नाही. २०११मध्ये मुबारकविरोधात तहरीर चौकात एकत्र उभे असलेले हे दोघं पुढे वेगवेगळ्या बाजूंना जातात, आणि ते बघताना खरंच तुटतं.

पण कॅमेरा चौक फारसा सोडत नाही. २०१२मध्ये मोर्सींना जवळपास ५२ टक्के मतं कुणी दिली? मुबारक असतानाच संप करणारे महल्लाचे गिरणी कामगार कुठे गेले? सिनेमा सांगत नाही. चौक भरला म्हणजे देश सोबत आला, असं आंदोलकांना वाटलं. कॅमेऱ्यालाही तसंच वाटलं, ही माझी तक्रार आहे.

तरीही बघाच.