जन्मक्रम आणि स्वभाव

थोरला समंजस, मधला उपेक्षित, धाकटा हट्टी, ही वाटणी आपल्याकडे घरोघरी पुराव्यावाचून मान्य होते. तिला शास्त्राचे पाठबळ देण्याचा एक मोठा प्रयत्न फ्रँक सुलोवे या अमेरिकन विद्वानांनी १९९६ साली ‘बॉर्न टू रिबेल’ या ग्रंथात केला. पहिले अपत्य आईबापांच्या अधिकाराशी एकरूप होते. मागाहून आलेल्यांना घरात स्वतःची जागा शोधावी लागते, म्हणून ती नवमतवादी व बंडखोर निपजतात, असा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी त्यांनी हजारो ऐतिहासिक व्यक्तींची चरित्रे धुंडाळली. व्यासंग निःसंशय दांडगा आहे. परंतु आमच्या बडोद्याची एकच साक्ष काढली, तर त्यांची मोजपट्टी अडखळते.

१८७५ साली मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. कवळाण्याचे काशीराव गायकवाड आनंदराव, गोपाळराव व संपतराव या आपल्या तीन पुत्रांसह बडोद्यास आले. निवड मधल्याची झाली आणि बारा वर्षांचे गोपाळराव सयाजीराव झाले. पुढे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आरंभिला व १९०६ साली तो राज्यभर लागू केला.

मागाहून जन्मलेला सुधारक निघालाच की, असे सुलोवे यांचे अनुयायी म्हणतील. पण कोणत्या घरात मागाहून? कवळाण्यास ते मधले. बडोद्याच्या राजवाड्यात जमनाबाईंची कन्या ताराबाई वयाने लहान, म्हणून ते थोरले. दत्तकविधानाने त्यांचा क्रमच पालटला. शिवाय गादीची जबाबदारी, इलियट यांच्यासारखा शिक्षक, टी. माधवरावांसारखा दिवाण, हे सारे वजा घालून केवळ जन्मक्रमाचे फळ कसे वेगळे काढावे?

आपले धर्मशास्त्र या बाबतीत अधिक सावध आहे. थोरला पुत्र दत्तक देऊ नये, असे मिताक्षरेत विज्ञानेश्वर सांगतो. श्राद्धाचा पहिला अधिकारही ज्येष्ठाचाच. ही कर्तव्ये झाली. थोरल्याचा स्वभाव कसा असतो, हे त्यांत सांगितलेले नाही. नॉर्वेतील दोन लाखांहून अधिक तरुणांच्या २००७ सालच्या अभ्यासात थोरल्यांची बुद्धी किंचित सरस आढळली. पण वडील भावंड वारल्याने थोरले ठरलेलेही तितकेच सरस होते. म्हणजे महत्त्व घरातील स्थानाला, जन्माच्या अनुक्रमाला नव्हे. अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथील वीस हजारांवर व्यक्तींच्या २०१५ सालच्या अभ्यासात तर मनमिळाऊपणा, दक्षता इत्यादी स्वभावगुणांवर जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

हे स्थानही अढळ नाही. २००५ च्या दुरुस्तीने कन्येला जन्मतः सहदायाद केले आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ज्येष्ठ कन्या एकत्र कुटुंबाची कर्ता होऊ शकते, असा निर्णय दिला. आजवर ज्येष्ठ असूनही जिची गणना होत नसे, ती कायद्याने ज्येष्ठ ठरली.

म्हणून सुलोवे यांचा ग्रंथ वाचनीय असला, तरी घरातील निवाड्यासाठी तो प्रमाण मानू नये. थोरला म्हणून एकाचे शिक्षण अर्ध्यावर सोडविणे आणि धाकटी म्हणून दुसरीचे मत न विचारणे, हे आपले निर्णय असतात. त्यांचा दोष जन्मक्रमाच्या माथी मारण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राने आपणास दिलेला नाही.