हिरड्यांच्या विकारावरील प्रकाशोपचार : काही आक्षेप

ज्या विकारास आपल्याकडे सर्रास पायोरिया म्हणतात, त्यावर रंगद्रव्य व प्रकाश यांच्या साह्याने जंतुनाश करण्याच्या उपचाराचा बराच बोलबाला झाला आहे. कल्पना जुनीच आहे. म्युनिक येथे १९०० साली ओस्कर राब यास असे आढळले की, ॲक्रिडीन मिसळलेल्या पाण्यातील पॅरामेशियम जीव उजेडात झपाट्याने मरतात, अंधारात तगून राहतात. आता मिथिलीन ब्लू अथवा टोलुइडीन ब्लू हिरडीच्या फटीत घालून त्यावर सुमारे ६३० ते ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश सोडतात. रंगद्रव्याने शोषलेली ऊर्जा प्राणवायूस मिळून तो अत्यंत क्रियाशील होतो व जंतूंचा नाश करतो.

पहिला आक्षेप येथेच उद्भवतो. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू ज्या खोल फटीत फोफावतात तेथे प्राणवायू मुळातच तुटपुंजा. किंबहुना म्हणूनच ते तेथे फोफावतात. शिवाय क्रियाशील प्राणवायू पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो. म्हणजे रंग, प्रकाश व प्राणवायू यांची गाठ एकाच जागी, एकाच क्षणी पडली पाहिजे. काचपात्रात ती पडते. रक्त पाझरणाऱ्या फटीत, जंतूंच्या चिवट थराखाली ती पडेलच असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

रुग्णांवरील पुराव्याची स्थिती याहून बरी नाही. कॉक्रेनच्या २०२४ मधील समीक्षेत ५० चाचण्या व १४०७ रुग्ण आहेत. एका चाचणीच्या वाट्यास सरासरी अठ्ठावीस! बहुतेक चाचण्यांत एकाच तोंडाच्या दोन बाजूंची तुलना आहे. परंतु लाळ काही अशी सीमारेषा पाळत नाही. पुरावा अत्यंत कमी विश्वासार्ह, असाच त्या समीक्षेचा अभिप्राय आहे. मुळे खरवडून स्वच्छ करण्याच्या उपचारास हा जोड देऊ नये, असे युरोपीय परिदंतवैद्यक महासंघाने २०२० सालीच सुचविले होते.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातील मिसरी लावणाऱ्या एखाद्या गृहिणीस हा वाद परका वाटेल. पण जादा खर्च व मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंतचा अडुसष्ट किलोमीटरांचा लोहमार्ग तिच्याच वाट्यास येणार. अनेक चाचण्यांतून धूम्रपान करणारे वगळले जातात. तंबाखू भाजून, पूड करून रोज हिरडीवर चोळणाऱ्यांविषयी मग त्या चाचण्या काय सांगणार? पदव्युत्तर प्रबंधासाठी वीस-पंचवीस रुग्णांची आणखी एक तुलना करण्यापेक्षा चार महाविद्यालयांनी मिळून एकच मोठी चाचणी करावी, आणि तीत मिसरी लावणाऱ्यांस वगळू नये, त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी.