किल्ली कोणाकडे?

'टेन क्लोव्हरफिल्ड लेन' हा अमेरिकी थरारपट मार्च २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. डॅन ट्रॅक्टनबर्ग या दिग्दर्शकाचा तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. जवळजवळ सगळा एका तळघरात घडणारा, तीनच मुख्य पात्रांचा. तो पाहिलेली दोन माणसे भेटली, की एक वाद हमखास निघतो : त्यातला हॉवर्ड खलनायक की तारणहार? मीही हा वाद अनेकदा घातला आहे आणि खरे सांगायचे तर दोन्ही बाजूंनी घातला आहे. या लेखात मला निकाल द्यायचा आहेच. पण त्याआधी आपण हा निकाल कोणत्या पुराव्यावर देतो, ते तपासायचे आहे. कारण माझ्या मते, आपण सहसा चुकीचा पुरावा हाती घेतो.

कथा थोडक्यात अशी. मिशेल ही तरुणी होणाऱ्या नवऱ्याचे घर सोडून गाडीने निघते. वाटेत अपघात होतो. शुद्धीवर येते तेव्हा ती एका काँक्रीटच्या खोलीत असते. हाताला सलाईन, जखमी पाय पट्ट्यांत बांधलेला आणि बेडीने भिंतीजवळच्या नळाला जखडलेला. जॉन गुडमनने साकारलेला धिप्पाड हॉवर्ड तिला सांगतो की, बाहेर हल्ला झाला आहे, हवा विषारी झाली आहे आणि मी तुला वाचवून माझ्या तळघरात आणले आहे. तिथे एमेट नावाचा तिसरा एक तरुण आहे. हे तळघर बांधायला त्याने हातभार लावला होता आणि आत येण्यासाठी तो स्वतःहून झगडला होता. म्हणजे आरंभीच दोन साक्षी समोर येतात. एकीच्या पायात बेडी आहे, दुसरा आसरा मागत आला आहे. घर मात्र एकच.

हॉवर्डची बाजू लंगडी नाही. मिशेल त्याच्या किल्ल्या पळवून बाहेरच्या दारापर्यंत पोहोचते, तेव्हा काचेपलीकडे एक बाई येते. तिच्या चेहऱ्यावरची कातडी जळल्यासारखी झालेली आहे. आत घेण्यासाठी ती आधी विनवते, मग काचेवर डोके आपटते. मिशेल दार उघडत नाही. हॉवर्ड खरे बोलत होता, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. चित्रपटाच्या शेवटी तर बाहेर परग्रहावरचे शत्रू निघतात आणि विषारी वायूही खरा ठरतो. वेडगळ वाटणारा हा माणूस मूळ मुद्द्यावर बरोबर होता.

विरुद्ध बाजूचा पुरावा याहून भीषण आहे. हवा शुद्ध करणारे यंत्र बंद पडते, म्हणून मिशेल अरुंद नळीतून सरपटत वर जाते. तिथल्या झडपेच्या काचेवर आतल्या बाजूने मदतीची हाक खरवडलेली तिला दिसते आणि रक्ताने माखलेले एक कानातले सापडते. हॉवर्डने आपली मुलगी म्हणून जिचा फोटो दाखवला होता, ती दोन वर्षांपूर्वी बेपत्ता झालेली गावातलीच मुलगी आहे, हे एमेट ओळखतो. पुढे हॉवर्ड एमेटला गोळी घालतो. इथे बहुतेक प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. वाद मिटला, तो खलनायकच.

मला हा निकाल सोपा वाटतो आणि म्हणून अपुरा वाटतो. तो खुनावर उभा आहे, संरक्षणावर नाही. समजा, ते कानातले सापडलेच नसते. समजा, हॉवर्डने पूर्वी कोणाच्या केसालाही धक्का लावला नसता. मग बेडी योग्य ठरली असती का? थरारपट शेवटी एखादे प्रेत दाखवून आपल्याला या अवघड प्रश्नातून सोडवतो. प्रत्यक्ष आयुष्यात असे प्रेत क्वचितच सापडते. तिथे बाहेरचा धोका खरा असतो, माणूस बहुधा प्रेमळ असतो आणि दाराला कुलूप असते.

या प्रश्नासाठी हॉवर्डच्या दोन पूर्वसुरींकडे पाहायला हवे. जॉन फाउल्स यांच्या १९६३ च्या 'द कलेक्टर' या कादंबरीतला फ्रेडरिक क्लेग हा फुलपाखरे जमवणारा कारकून. पैजेत मोठी रक्कम मिळाल्यावर तो ससेक्समध्ये एकाकी घर घेतो आणि मिरांडा या चित्रकलेच्या विद्यार्थिनीला पळवून तळघरात ठेवतो. तिला पुस्तके, कपडे, रंग, हवे ते आणून देतो. स्वतःच्या नजरेत तो यजमान आहे. चार आठवड्यांनी सोडण्याचे वचन देतो आणि मोडतो. ती न्यूमोनियाने तापलेली असतानाही तो डॉक्टर आणत नाही, कारण डॉक्टर आणणे म्हणजे दार उघडणे.

दुसरी ॲनी विल्क्स, स्टीफन किंग यांच्या १९८७ च्या 'मिझरी' या कादंबरीतली. १९९० च्या चित्रपटातल्या याच भूमिकेसाठी कॅथी बेट्सला ऑस्कर मिळाले. ॲनी पूर्वी परिचारिका होती. बर्फात गाडी उलटून पडलेल्या आपल्या आवडत्या लेखकाला ती घरी आणते. ती आली नसती तर तो मेला असता, हे कादंबरी कुठेही नाकारत नाही. त्याचा ठणका शमवणाऱ्या गोळ्या तिच्याच हातात असतात आणि त्याला त्या गोळ्यांची सवय लागेल याची ती सोय करते. तो खोलीबाहेर पडत असल्याचे कळताच त्याचा पायच तोडते.

हे तिघे ओळीने उभे केले, की एक चढण दिसते. क्लेगच्या घराबाहेर धोका मुळीच नाही. ॲनीचा धोका खरा होता, पण तो होऊन गेलेला आहे. हॉवर्डचा धोका खरा आहे आणि चालू आहे. कोंडणाऱ्याचे म्हणणे पायरीपायरीने अधिक खरे होत जाते. वागणे मात्र तसूभरही बदलत नाही. बाहेरच्या जगाचे सत्य वाढले म्हणून आतला माणूस निवळत नसेल, तर त्याच्या वागण्याचे कारण बाहेरच्या जगात नाही. धोका हे त्याचे निमित्त असते. म्हणून 'तो खरे बोलत होता का?' या प्रश्नाने या माणसांचा न्याय होत नाही. हॉवर्ड खरे बोलतो आणि तरीही तारणहार ठरत नाही.

मग कसोटी कोणती? चित्रपटातच तिच्या खुणा आहेत. तिघे शब्द ओळखण्याचा खेळ खेळतात. एमेट मिशेलकडे बोट दाखवून विचारतो, ही कोण? हॉवर्डला मुलगी, लेकरू, छोटी राजकुमारी असे सगळे शब्द सुचतात. 'स्त्री' हा शब्द काही केल्या येत नाही. प्रेक्षक हसतात, पण मला हा प्रसंग त्या कानातल्याइतकाच भक्कम पुरावा वाटतो. जिला वाचवायचे, ती मोठी झालेली त्याला चालणार नाही. एमेटला मारल्यावर तो दाढी करून, स्वच्छ होऊन येतो आणि आता आपण दोघेच, अशा समाधानाने आइस्क्रीमची गोष्ट काढतो. बाहेर जग बुडाले आहे आणि याच्या घरी सण आहे.

दुसरी खूण त्या काचेपलीकडच्या बाईनंतरची. धोका पटल्यावर मिशेल राजीखुशीने थांबते. हॉवर्डची जखमही तीच शिवते. खऱ्या रक्षकाने कुलूप काढावे असा क्षण हाच होता, कारण आता कुलपाची गरज उरलेली नव्हती. पण कमरेच्या किल्ल्या आणि पिस्तूल हॉवर्डपाशीच राहतात. राजीखुशीने राहणारे माणूस त्याला पुरेसे नाही. जाऊ न शकणारे माणूस हवे आहे.

तिसरी खूण पोशाखाची. कपड्यांची रचना करण्याची आवड असलेली मिशेल न्हाणीघराच्या पडद्यातून विषारी हवेत घालायचा पोशाख आणि मुखवटा गुपचूप शिवते. बाहेर पडल्यावर तोच तिला उपयोगी पडतो. इतक्या वर्षांची तयारी केलेल्या रक्षकाने तिला कधीच न दिलेली ही एक गोष्ट : त्याच्याशिवाय तग धरण्याची सोय.

आपल्याकडे रक्षणाची सर्वांत परिचित प्रतिमा लक्ष्मणरेषेची आहे. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही; नंतरच्या कथनांतून ती आली आणि आपल्या बोलण्यात मुरली. मर्यादा घालून देणारी रेषा म्हणूनच आपण ती वापरतो. पण कथेतली रेषा नीट पाहिली तर ती बाहेरच्याला अडवते, आतल्याला अडवत नाही. सीता ती ओलांडू शकते आणि ओलांडते. परिणाम भयंकर होतात, तरी निर्णय तिचा असतो. तळघराच्या दाराला कुलूप असते आणि ते आतल्या माणसासाठी असते. रेषा आणि कुलूप यांत आपण गफलत करतो, ती इथेच.

ही गफलत मी स्वतः केली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर करताना पंतप्रधानांनी घराच्या दाराशी आखलेल्या लक्ष्मणरेषेचाच दाखला दिला होता. माझे वडील तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. रोज पहाटे फिरायला जायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. पहिल्याच आठवड्यात ते दोनदा खाली उतरले. तिसऱ्या दिवशी मी सेफ्टी डोअरला आतून कुलूप लावले आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. धोका खरा होता. माझे प्रेमही खरे होते. अण्णा दाराशी गेले, कडी हलवून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाहेर काय चाललंय ते टीव्हीवर मीही बघतो गं. पण किल्ली तुझ्याकडे कशाला?"

मी आकडे सांगितले, त्यांच्या दम्याची आठवण करून दिली. ते वाद न घालता खोलीत गेले. चार दिवसांनी मी किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. ते त्यानंतर खाली उतरले नाहीत. उतरले असते तर काय झाले असते, या विचाराने मला आजही धस्स होते. पण त्या चार दिवसांत माझ्या घरात काय होते, याला मी आता रक्षण म्हणत नाही.

यावर आक्षेप येईल, तो रास्त आहे. तान्हे मूल, बेशुद्ध रुग्ण, भ्रमिष्ट झालेले माणूस यांच्यासाठी दार लावावेच लागते. मिशेल शुद्धीवर नव्हती, त्या काही तासांपुरता हॉवर्डही रक्षकच होता. ते सलाईन मी त्याच्या बाजूने मोजते. पण असे रक्षण रोज थोडे थोडे कमी होत जायला हवे. आज सलाईन, उद्या काठी, परवा किल्ली. ॲनीच्या गोळ्या आणि हॉवर्डच्या किल्ल्या याच्या उलट्या दिशेने चालतात. त्यांना रक्षणाचा शेवटच नको आहे.

म्हणून माझा निकाल असा : कानातले सापडले नसते तरीही हॉवर्ड खलनायकच. बाहेरच्या संकटाबद्दल तो बरोबर होता, हा पुरावा त्याच्या बाजूने मी पूर्ण मोजला आहे; पण त्याने त्याला दूरदृष्टीचा माणूस ठरवता येते, रक्षक नाही.

शेवटी मिशेल गाडीत बसते. रेडिओवर सांगतात, बॅटन रूजच्या बाजूला सुरक्षित जागा आहे; ज्यांना लढण्याचा किंवा औषधोपचाराचा अनुभव आहे, त्यांची ह्यूस्टनला गरज आहे. पूर्वी एकदा दुकानात एक बाप आपल्या लहान मुलीला मारत असताना आपण गप्प उभ्या राहिलो, हे शल्य तिने एमेटला सांगितलेले असते. ती क्षणभर थांबते आणि गाडी ह्यूस्टनकडे वळवते. धोका तिकडे जास्त आहे. गाडीची किल्ली मात्र तिच्या हातात आहे.