सूची जेथे थांबते

शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' कोणी कादंबरीसारखी वाचत नाही. तरीही मराठीतील थोर ग्रंथांत मी तिची गणना करीन. 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950 अशा दोन खंडांत त्यांनी मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद केली. दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांच्यासह त्यांनी हाती घेतलेली 'मराठी नियतकालिकांची सूची'ही 1800 ते 1950 याच कालखंडाची आहे. सूचिकार स्वतःचे मत मांडीत नाही. वाचकाला दार दाखवून तो बाजूला होतो. विद्वत्तेतील ही नम्रता दुर्मीळ होय.

मात्र गौरवाबरोबर एक मर्यादाही नोंदविणे प्राप्त आहे. 1950 ही सीमा आम्हा मराठवाडावासीयांना महागात पडली. हा प्रदेश निजामी राजवटीतून मुक्त झाला 1948 मध्ये. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले 1958 साली. मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' आणि गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' ही दोन्ही 1950 नंतरची. म्हणजे आमचे विद्यापीठीय संशोधन आणि दलित साहित्याची समीक्षा जेथे आकार घेऊ लागते, त्याच्या अलीकडेच ही सूची थांबते. हा दोष दात्यांचा नव्हे; त्यांचे काम त्याच नेटाने पुढे न नेणाऱ्या उत्तराधिकाऱ्यांचा आहे.

येथे कळमनुरीत एक शोधविद्यार्थी माझ्याकडे आला होता. एका महाविद्यालयीन शोधपत्रिकेतील लेख त्याला हवा होता. वर्ष, अंक, पृष्ठ सारे ठाऊक होते. पण पत्रिकेचे संकेतस्थळ बंद पडले होते आणि छापील अंक कोणत्याच ग्रंथालयात मिळेना. अखेर तो सापडला लेखकाच्याच घरी, माळ्यावर. लेख शाबूत होता. अभ्यासकांच्या लेखी मात्र तो नव्हताच.

संगणक आला म्हणजे जतन आपोआप होते, हा समज भाबडा आहे. 2000 ते 2019 या काळात विनामूल्य वाचता येणारी 174 शोधनियतकालिके महाजालावरून नाहीशी झाल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मराठीची अडचण आणखी निराळी आहे. 'श्रीलिपी'सारख्या जुन्या टंकांत जुळविलेले असंख्य अंक पडद्यावर नीट दिसतात. पण त्यांतील अक्षरे युनिकोडमध्ये नसल्याने नेहमीच्या शोधात शब्द सापडत नाही. दिसते, पण शोधता येत नाही!

उपाय फार खर्चाचे नाहीत. वर्षअखेरच्या अंकात लेखक व विषय यांची सूची द्यावी. मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा. प्रती एकाच कपाटात न ठेवता दूरदूरच्या ग्रंथालयांत द्याव्यात. अनेक ठिकाणी अनेक प्रती, हेच तत्त्व स्टॅनफर्ड विद्यापीठाने 1999 पासून 'लॉक्स' या संगणकीय योजनेत राबविले. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याने ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती देणे प्रकाशकांवर बंधनकारक आहेच. 1956 पासून त्यात नियतकालिकेही आली. तो पाळला तरी पुष्कळ झाले.

संपादकाची जबाबदारी अंक टपालात पडला म्हणजे संपत नाही. पन्नास वर्षांनी येणारा अनोळखी वाचक हाही त्याचा वर्गणीदारच असतो. दात्यांनी त्याच वाचकासाठी आयुष्य वेचले. आपण निदान वर्षाकाठी चार पाने तरी वेचावीत.