गंमत नियमानं करायची असते

गेल्या गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या एका मंडळात तरुण मुलांनी 'टाइम मशीन' नावाची विनोदी नाटिका केली. फ्रिजच्या खोक्याला चंदेरी कागद चिकटवला होता, आत दिव्यांची माळ लुकलुकत होती. चष्मेवाला, पाठीवर सॅक अडकवलेला, अडखळत बोलणारा एक शास्त्रज्ञ त्या खोक्यातून शिवकाळात गेला. त्यानं मावळ्याला मोबाइल दाखवला, मावळा दचकला, लोक हसले. मग मावळा खोक्यात बसून आजच्या काळात आला, त्याला पिझ्झा मिळाला, लोक पुन्हा हसले. तो इथे आला तर तिथल्या बुरुजावर पहाऱ्याला कोण उभं राहिलं, हा प्रश्न नाटिकेत कुणालाच पडला नाही. मला मात्र तो पहिल्या पाच मिनिटांत पडला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. घरी येईपर्यंत राग वाढतच गेला.

नाटिका लिहिणारा मुलगा माझा भाचा. किल्ल्याच्या पायथ्याशी, किला गेटला त्यांचं घर आहे आणि त्या रात्री माझा मुक्काम तिथेच होता. साडेबाराला पाणी प्यायला उठलो, तर हा कानाला हेडफोन लावून ॲनिमेच्या चाहत्यांच्या एका ऑनलाइन मेळाव्यात तावातावानं भांडत होता. विषय होता 'स्टाइन्स गेट' ही जपानी मालिका. तिच्यात भूतकाळात निरोप पाठवता येतो, पण तो छत्तीस बाइट्सचाच. निरोप पोचला की जग बदलतं आणि आधीच्या जगाची आठवण एकट्या नायकाला राहते. ती त्यालाच का राहते, यावर वाद चालला होता. भाचा भागांचे क्रमांक सांगत होता, प्रसंगांचे दाखले देत होता. एखाद्या शास्त्र्यानं भाष्यावर वाद घालावा, तसा.

हेडफोन काढल्यावर मी विचारलं, "अरे, मग हा प्रश्न तुझ्या नाटिकेत कसा नाही पडला?"

तो सहज म्हणाला, "मामा, ती तर मराठी गंमत होती ना."

हा लेख त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहितो आहे.

इंग्रजीत ज्याला 'गीक' म्हणतात त्याच्यासाठी आपल्याकडे कोल्हापूरचा फार सुंदर शब्द आहे: नादखुळा. एखाद्या गोष्टीच्या नादाला लागून बाकीचं जग विसरणारा. नादखुळ्याला खोटं जग चालतं, किंबहुना तेच हवं असतं. पण त्या जगाचे नियम कुणी मोडलेले त्याला खपत नाहीत. एकदा सांगितलं ना की राक्षसाचा जीव पोपटात आहे, मग तो पोपटातच असला पाहिजे, सोयीप्रमाणे मैनेत जाता कामा नये. नादखुळ्यांच्या करमणुकीचं सगळं मर्म एवढंच आहे. आणि ही शिस्त मराठीला जपानकडून उसनी घ्यायची गरज नव्हती, ती आपल्याकडे होतीच.

'वस्त्रहरण' घ्या. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. गावातली हौशी माणसं महाभारत उभं करायला निघतात आणि ते कोसळत जातं. या नाटकाला ढोबळ म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. ते कोसळणं इतकं का हसवतं? कारण लिहिणाऱ्याला आणि बघणाऱ्याला, दोघांनाही ते आधी उभं कसं असतं हे बारकाईनं ठाऊक आहे. दशावताराच्या रात्री ज्यानं जागून काढल्या, राजाचा प्रवेश कसा होतो आणि नट वेळ मारून कशी नेतो हे ज्याला पाठ आहे, त्यानं त्याच दशावतारी जगाला लिहिलेलं हे प्रेमपत्र आहे. आज ज्याला चाहत्यांची कलाकृती म्हणतात तीच ही, आणि आपल्याकडे ती हाऊसफुल्ल चालली.

'झपाटलेला'चंही तेच. महेश कोठाऱ्यांचा हा चित्रपट १९९३ चा. बाहुलीत शिरलेल्या खुन्याची कल्पना अमेरिकन चित्रपटातून आलेली, हे जगजाहीर आहे. पण रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू जिवंत राहिला तो नियमांमुळे. ज्याला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येईल. गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागली तरच तो मरेल. त्या वर्षी शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, हे दोन्ही नियम आजही घडाघड सांगेल. २०१३ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा प्रेक्षकाच्या हातात त्रिमितीचे चष्मे होते. नियम आठवणारा मला अजून कुणी भेटलेला नाही.

आणि 'अमर फोटो स्टुडिओ'. २०१६ चं, मनस्विनी लता रवींद्र यांनी लिहिलेलं, निपुण धर्माधिकारींनी बसवलेलं नाटक. फोटो काढायला स्टुडिओत गेलेलं आजचं जोडपं भूतकाळात फेकलं जातं. इथे चंदेरी खोकं नाही, लुकलुकणारी माळ नाही. काळाच्या प्रवासाचं यंत्र म्हणजे फोटो स्टुडिओ, आणि यापेक्षा नेमकं यंत्र कुणाला सुचलं असतं? क्षण धरून ठेवणं हाच ज्या खोलीचा धंदा, तिथूनच माणूस दुसऱ्या क्षणात जाणार. जुन्या काळात जाऊन ही मुलं नुसती दचकत नाहीत, आपल्या नात्याकडे त्या काळाच्या नजरेनं बघायला लागतात. विनोद यंत्राच्या तर्कातूनच उगवतो. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर हे झालं, तरुणांनी केलं आणि तरुण ते बघायला आले. त्या वाटेनं पुढे दहा नाटकं यायला हवी होती. ती आली नाहीत, हे माझं दुःख आहे.

बाकीच्या प्रकारांवर फार शब्द खर्चायची इच्छा नाही. टीव्हीवरची विनोदी स्किटं एका पंचलाइनसाठी पात्राचा बळी देतात. स्टँडअपमध्ये माणूस उभा राहतो, जग उभं राहत नाही. भुताच्या विनोदी चित्रपटांतली बहुतेक भुतं पटकथेच्या सोयीनं येतात-जातात. आणि नायकाच्या मित्राला जाड चष्मा लावून 'सायंटिस्ट' म्हणायची जी खोड आपल्या नाटकांना लागली आहे, ती केवळ आळसातून आलेली आहे.

या साऱ्याच्या वर मी एक गोष्ट ठेवतो: जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचं पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका ट्रकच्या धक्क्यानं अशा जगात जाऊन पडतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. नारळीकरांनी एकच गोष्ट बदलली. विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांच्या कानाजवळून निघून गेली. एवढंच. त्यापुढचं सगळं या एका केसभर फरकातून तर्कानं बाहेर पडतं: राज्य कुणाचं, मुंबई कुणाच्या ताब्यात, स्टेशनवर कोण दिसतं. परत आल्यावर पुरावा म्हणून खिशात बखरीचं एक पान उरतं आणि एक मित्र पुंजवादाच्या आधारानं या प्रवासाचा अर्थ लावतो. आणि विनोद? नऊशे नव्याण्णव सभांचं अध्यक्षस्थान भूषवलेले गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावर रिकामी खुर्ची बघतात आणि सवयीनं जाऊन बसतात. त्या जगात अध्यक्षीय भाषणांची प्रथा लोकांनी कधीच मोडीत काढलेली. श्रोते चवताळतात, हाताला लागेल ते फेकून मारतात. माणसाची आवड, त्या जगाचा नियम आणि दोघांची टक्कर. विनोदी लेखनाच्या कोणत्याही वर्गात हा प्रसंग शिकवावा.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ही गोष्ट दुप्पट भिडते. महादजी शिंदे पानिपतावरून जखमी पायानं, राणेखान भिस्त्याच्या मदतीनं वाचले. पुढे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ टाकला, त्याचं लष्कर शहर झालं आणि आमचे पूर्वज या गावचे झाले. नारळीकरांची गोळी कानाजवळून गेली असती तर आम्ही इथे असतो का? असा प्रश्न जी गोष्ट वाचकाला स्वतःच्या घराबद्दल विचारायला लावते, तिला मी थोर साहित्य म्हणतो.

आणि माझ्या भाच्यानं ती वाचली कुठे? अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात, 'द ॲडव्हेंचर' या नावानं. तिचं मूळ मराठी आहे, हे त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

हे त्याचं अज्ञान नाही, आपलं पाप आहे. विज्ञानकथेला आपण कायम मागच्या बाकावर बसवलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना नारळीकरांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहून घेतली. मोठ्या नावाच्या ओझ्याशिवाय गोष्ट तोलली जावी, हा त्यांचा हेतू. आपण मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षं नाव तोललं, गोष्टी तोलल्याच नाहीत. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, निरंजन घाटे ही सगळी नावं आपण दिवाळी अंकांच्या पानांत ठेवली आणि समीक्षेच्या पानांत विसरलो. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना दिलं, तेव्हा प्रकृतीमुळे ते तिथे येऊही शकले नाहीत. २० मे २०२५ ला ते गेले. श्रद्धांजलीचे लेख भरभरून आले, त्यांत खगोलशास्त्रज्ञ होता. त्यांच्या कथेतल्या विनोदावर दोन परिच्छेद शोधत बसलो, मला मिळाले नाहीत.

आता मेळाव्यांविषयी. २०११ पासून भारतात कॉमिक कॉन भरतं. मुलं आवडत्या पात्रांचे पोशाख घालून येतात, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. महिनोन्‌महिने खपून पुठ्ठ्याचं चिलखत शिवणारा मुलगा आणि पालखीच्या आदल्या रात्री वीणा पुसून ठेवणारा वारकरी यांच्या हातांत मला एकच निष्ठा दिसते. २०२० च्या महामारीत सॅन डिएगोचं कॉमिक कॉन घरोघरच्या पडद्यावर गेलं, न्यूझीलंडची जागतिक विज्ञानकथा परिषदही ऑनलाइन झाली. किला गेटच्या मुलासाठी जगाचं दार तेव्हा उघडलं. त्या दारातून तो आत गेला आणि तिथे त्याला मराठीत बोलणारं कुणी भेटलं नाही.

मेळावा ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. ग्रंथांच्या वेडानं लांबलांबून माणसं एकत्र येतात, याला दुसरं काय म्हणायचं? १९६१ मध्ये ते आमच्या ग्वाल्हेरला भरलं आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. पुण्यात १९६३ पासून एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक चालतो. पडदा उघडण्याआधी भरत नाट्य मंदिरात महाविद्यालयांच्या आरोळ्यांनी जो दणका उडतो, तसा उत्साह जगातल्या कुठल्याही कॉनला हेवा वाटावा असा आहे. संस्था आहेत, सवय आहे, आवाजही आहे. मग कमी काय पडतं?

मान कमी पडतो. आपण ठरवून टाकलं आहे की दुःख म्हणजे साहित्य आणि कल्पना म्हणजे पोरखेळ. त्यामुळे आपला माल दुसऱ्या दुकानात जाऊन विकला जातो. नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून स्फुरलेला 'तुंबाड' २०१८ मध्ये आला. पिठाचं रिंगण आणि त्याची मर्यादा इतकी कडक पाळलेली की धडकी भरते. पण तो हिंदीत. कोकणातला 'मुंज्या' २०२४ मध्ये आला, तोही हिंदीत. भूत आपलं, पार आपला, पिंपळ आपला, भाषा तेवढी परकी. आदित्य सरपोतदारांनी २०२२ मध्ये 'झोंबिवली'त डोंबिवलीच्या टॉवरला आणि शेजारच्या वस्तीला एकाच संकटात कोंडून मराठीत काय करता येतं ते दाखवलं होतं. त्याच दिग्दर्शकाला 'मुंज्या'साठी हिंदीत जावं लागलं, याची लाज निर्मात्यांना वाटावी, प्रेक्षकांना वाटावी आणि आम्हा समीक्षकांना तर सर्वांत आधी वाटावी.

म्हणून मागणं स्पष्ट करतो. साहित्य संमेलनात विज्ञानकथा आणि अद्भुतकथा मुख्य मांडवात हव्यात, दुपारी तीनच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर नकोत. तिथे लेखकानं भाषण करू नये, कथा वाचावी आणि पोरांनी त्याला तिच्या नियमांवरून उभं-आडवं धरावं. एकांकिकांच्या परीक्षकांनी 'सामाजिक आशय' तपासून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या या जगात हे चालतं का? आणि एक ऑनलाइन मेळावा पूर्ण मराठीत भरवावा, ज्यात ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, बेळगाव आणि न्यू जर्सी एकाच खोलीत बसतील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला संमेलनाला जायचं तिकीट परवडत नाही, वेळही जुळत नाही. पण रात्री साडेबाराला तो जागा असतो आणि भांडायला तयार असतो. त्याला मराठीत भांडायला जागा द्या. भाषा टिकवायचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही, कारण माणूस जीव ओतून ज्या भाषेत भांडतो तीच त्याची भाषा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन किला गेटवरून वर चढलो. वाटेत, चढावर, एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. आत भिंतीवर इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाला दिलेल्या बागेची लांबी त्यात २७० हात लिहिली आहे आणि रोज ५० माळा वाहायची व्यवस्था केली आहे. दोन्ही आकड्यांत शून्य आहे, इवलंसं, शेजारच्या अंकांहून लहान, बोटाच्या टोकाखाली झाकलं जाईल एवढं. भारतातल्या दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक.

भाचा इथे लहानपणापासून कितीदा आलेला, पण त्यानं ते कधी नीट पाहिलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "बघ, ज्यानं ही बाग दिली त्यानं भक्तीसुद्धा मोजून मांडली. किती हात, किती माळा. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याचा हिशोब आपण चोख ठेवतो."

तो बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिला. उतरताना म्हणाला, "मामा, मावळा इकडे आला की तिकडे पहाऱ्यावर एक जण कमी होतो. तो परत किती वाजता पोचतो, ते आधी ठरवायला पाहिजे."