व्हायोलिनवर फ्रेडी मर्क्युरी

रॉक संगीतातील गाणी तंतुवाद्यांवर वाजवून घेण्याची प्रथा आता जगभर रूढ झाली आहे. मुंबईतही दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चौकडीचे कार्यक्रम विजेवरच्या मेणबत्त्यांच्या उजेडात होतात आणि तरुण मंडळी तिकीट काढून जातात. (खऱ्या मेणबत्त्यांची आमच्याकडे वाण नाही, पण असो.) या कार्यक्रमांत क्वीन या इंग्रजी बँडच्या फ्रेडी मर्क्युरी याची गाणी लोकप्रिय आहेत. फ्रेडी आपल्याला अगदीच परका नव्हे. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी घरात जन्मलेला हा फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, तेथे पियानो शिकला आणि शाळेच्या गायकवृंदातही गायला.

गायकवृंदाचा हा संस्कार त्याच्या रचनांत स्पष्ट दिसतो. १९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या जवळजवळ सहा मिनिटांच्या गाण्याचा मधला ऑपेरासदृश भाग तीन पुरुषांच्या आवाजांचे थरांवर थर ध्वनिमुद्रित करून उभा केला आहे. तो मुळातच अनेक स्वरपट्ट्यांत विचार करून रचलेला असल्यामुळे चार तंतुवाद्ये तो सहज पेलतात; एरवी गोंगाटात हरवणारी मधली पट्टी व्हिओलावर प्रथमच नीट ऐकू येते. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ तर चेलोसाठीच लिहिले असावे असे वाटते. मात्र गाण्यात एकाच सुरावर अनेक शब्द येतात तेथे पंचाईत होते. गळ्यात शब्द बदलतो म्हणून सूर जिवंत राहतो. व्हायोलिनवर तोच सूर पुन्हापुन्हा घासल्यासारखा होतो. ब्रायन मे याने रचलेले ‘वुई विल रॉक यू’ हे पाय आपटून आणि टाळ्या वाजवून उभे राहिलेले गाणे तर गजाने वाजवण्याजोगे नाहीच. वादक अशा वेळी वाद्याच्या लाकडावर बोटे आपटतात. गंमत वाटते, संगीत होत नाही.

याच्या उलट प्रयोग ‘बार्सेलोना’ या संग्रहाबाबत घडला. फ्रेडीने स्पॅनिश गायिका माँसेरात काबाये हिच्यासह १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा वाद्यवृंदाचा बराचसा आभास कीबोर्डवर निर्माण केलेला होता. फ्रेडी १९९१ मध्ये वारला. २०१२ मध्ये त्याचे आणि काबायेचे मूळ आवाज कायम ठेवून प्रागच्या वाद्यवृंदाकडून साथ नव्याने वाजवून घेण्यात आली. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. दुसऱ्यात श्वास घेणारी माणसे साथीला आहेत आणि त्यामुळे त्या दोन आवाजांतील ओढ अधिक खरी वाटते. तिसरा मार्ग तोल्गा काशिफ याने निवडला. त्याची ‘क्वीन सिंफनी’ २००२ मध्ये लंडनला रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने सादर केली. तीत गाणी वाजवलेली नाहीत. त्यांच्या चालींचे धागे घेऊन नवे वस्त्र विणले आहे. ते काही ठिकाणी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताकडे झुकते, तरी प्रयत्न प्रामाणिक आहे. मुंबईत १९५८ साली माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी चित्रपटसृष्टीतील वादक एकत्र आणून असेच धाडस केले होते. त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना वाद्यवृंदासाठी मुळापासून लिहिल्या. तयार गाणी व्हायोलिनवर चढवली नाहीत.

हा सगळा प्रपंच केवळ रसिकांपुरता राहिलेला नाही. कुर्ल्यात लग्न ठरलेली मुलेमुली हल्ली विचारतात, “फादर, मिस्साच्या वेळी चौकडीने फ्रेडीचे गाणे वाजवले तर चालेल ना? शब्द तर नाहीतच.” पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये चर्चमध्ये पियानोला बंदी केली होती; द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ऑर्गनचा मान राखून उपासनेला साजेशा इतर वाद्यांना वाट मोकळी केली. तेव्हा व्हायोलिनवर माझा आक्षेप नाही. आक्षेप त्या युक्तिवादावर आहे. पहिली ओळ वाजताच बाकांवरील निम्मी मंडळी मनात शब्द म्हणू लागतील आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला मुलगा तर आईला आपण खून केल्याचे सांगतो आहे! वधू वडिलांच्या हाताला धरून येत असताना हे कोणाला हवे आहे?

पण १९७६ सालचे ‘समबडी टू लव्ह’ मला अधिक अडचणीत टाकते. दिवसभर राबून थकलेला माणूस गुडघे टेकतो आणि प्रेम करणारे कोणी मिळेल का, असे देवाला विचारतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती बांधवांच्या गॉस्पेल गायनाची छाप त्या रचनेवर आहे. बँडचे तीन गायक तेथे अख्खा गायकवृंद होतात. ही तक्रार स्तोत्रकर्त्यालाही अनोळखी वाटली नसती. मंदिरात चालावे म्हणून त्यातले शब्द काढले की नेमकी प्रार्थनाच जाते आणि एक गोड, जरा लांबलेली चाल उरते. विचारणाऱ्या जोडप्यांना म्हणून मी सांगतो की, मिस्साला आपली गीते घ्या आणि हे गाणे संध्याकाळी हॉलमध्ये, शब्दांसकट, आपल्या गायकवृंदाकडून चार पट्ट्यांत गाऊन घ्या. चौकडीला पैसे दिलेच असतील, तर तिने साथ करावी. वरची पट्टी बरीच उंच जाते, तेव्हा सोप्रानो मुलींना निदान महिनाभराचा सराव लागेल.