‘यवन’ म्हणजे नेमके कोण?

जुन्या लेखांतील ‘यवन’ या शब्दापुढे ‘मुसलमान’ असा अर्थ देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. बखरींपुरता तो अर्थ बहुधा जुळतो. शब्दाच्या सगळ्या इतिहासाला मात्र जुळत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांचेच पाहा. लेणे क्र. ३ मधील लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पह्लव यांचा संहारक म्हटले आहे. त्याच डोंगरातले लेणे क्र. १७ भिक्षुसंघासाठी कोरवले ते धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने. लेखात तो उत्तरेकडचा ‘योणक’, म्हणजे यवनच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबही धेनुकाकटच्या यवनांचे दान आहेत. त्यांतल्या एकाचे नाव धम्म! इस्लामच्या उदयाआधीचे हे यवन बौद्ध संघाचे दाते आहेत. शब्द त्यांचे मूळ सांगतो, श्रद्धा नाही.

मुळात हे नाव आयोनियन ग्रीकांचे. इराणी सम्राट दारयवहूच्या लेखांत ते ‘यौन’, तर अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘योन’ असे येते. रामायणाच्या बालकांडात वसिष्ठांच्या धेनूच्या योनीतून यवन जन्मल्याची कथा आहे. ती ध्वनिसाम्यावर रचलेली असली, तरी परक्यांना आपल्या पुराणात बसवण्याची धडपड तीत दिसते.

ग्रीक सत्ता गेली, शब्द उरला आणि पुढे मुसलमान राज्यकर्त्यांना लागला. पण तेव्हाही तो केवळ वैराचा नव्हता. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने ‘यवनराज्यस्थापनाचार्य’ हे बिरुद अभिमानाने मिरवले. बहमनी सुलतानाला गादीवर बसवणे ही त्याच्या लेखी प्रतिष्ठेची गोष्ट होती. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’त तर यवनांचा संबंध प्रामुख्याने भाषेशी येतो. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना तिथे संस्कृत पर्याय दिले आहेत.

म्हणजे एकाच शब्दाने कधी वंश, कधी सत्ता, कधी भाषा, कधी धर्म दाखवला. संपादक आणि ऐतिहासिक कादंबरीकार सर्वत्र शेवटचाच अर्थ धरतात, तेव्हा आजचे भांडण दोन हजार वर्षे मागे नेले जाते आणि कार्ल्याचा धम्म यवन त्यात कुठेच बसत नाही. जुना लेख वाचताना अर्थ देण्याआधी तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला हे विचारावे. एवढी शिस्त पाळली, तरी अनेक टीपा नव्याने लिहाव्या लागतील.